खाण्याच्या सोड्यात हायड्रोजन आहे, तरी तो आम्ल का नाही?

नागपुरातल्या एका पालकांनी दहावीतल्या मुलीचा अभ्यास घेताना पडलेला प्रश्न विचारला आहे. पाण्यात हायड्रोजन आयन (आयन म्हणजे विद्युतभारित कण) देते ते आम्ल आणि हायड्रॉक्साइड आयन देते ते आम्लारी, ही पाठ्यपुस्तकातली व्याख्या स्वयंपाकघरात नेली की अडखळते, अशी त्यांची तक्रार आहे. खाण्याच्या सोड्याच्या सूत्रात हायड्रोजन आहे, पण त्याचे द्रावण आम्लारिधर्मी निघते. अमोनियाच्या सूत्रात हायड्रॉक्साइड कुठेही नाही, तरी तो आम्लारी ठरतो, आणि तुरटीच्या नावात आम्ल नसूनही तिचे पाणी आम्लधर्मी असते. तेव्हा घरातला एखादा पदार्थ आम्ल आहे की आम्लारी हे नेमके कशावरून ठरते आणि उन्हाळ्याअखेर कूलरमध्ये साचणारा पांढरा थर काढायला यांपैकी काय वापरावे, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत. साफसफाईची द्रावणे तयार करणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे दोन्ही प्रश्न माझ्या रोजच्या कामाचे आहेत, आणि दुसऱ्याचे उत्तर पहिल्यातूनच निघते.

पाठ्यपुस्तकातली व्याख्या चुकीची नाही, ती अपुरी आहे. मीठ, आम्ल, आम्लारी असे पदार्थ पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतभारित कणांत विचरण होते, हा विचार स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनिअस यांनी १८८४ साली आपल्या प्रबंधात मांडला आणि शालेय व्याख्या त्यातूनच आली. त्याच्या बऱ्याच आधी लव्हॉझिए यांनी आम्लपणाचे मूळ ऑक्सिजनमध्ये शोधले होते, पण हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन मुळीच नाही हे हम्फ्री डेव्ही यांनी १८१० च्या सुमारास दाखवल्यावर अभ्यासकांचे लक्ष हळूहळू हायड्रोजनकडे वळले. पुढे १९२३ मध्ये डेन्मार्कचे ब्रॉन्स्टेड आणि इंग्लंडचे लॉरी यांनी स्वतंत्रपणे जी व्याख्या दिली, तिने आपल्या पालकांची बहुतेक अडचण दूर होते: जो कण प्रोटॉन देतो तो आम्ल आणि जो प्रोटॉन घेतो तो आम्लारी. हायड्रोजनच्या अणूतला एकुलता इलेक्ट्रॉन निघून गेला की मागे प्रोटॉनच उरतो, म्हणून हायड्रोजन आयन आणि प्रोटॉन हे येथे एकच समजावे. या व्याख्येत सूत्रामध्ये हायड्रोजन किंवा हायड्रॉक्साइड आहे की नाही याला फारसे महत्त्व राहत नाही. देवघेव कोणामध्ये होते आणि ती कोणत्या दिशेने जाते, एवढेच पाहायचे असते, आणि घरात या देवघेवीतला दुसरा पक्ष बहुतेक वेळा पाणी असते.

हायड्रोजन असूनही तो सुटत का नाही, हे व्हिनेगरवरून चांगले समजते. त्यातल्या ॲसेटिक आम्लाच्या रेणूत हायड्रोजनचे चार अणू आहेत, परंतु त्यांतले तीन कार्बनला जोडलेले असून पाण्यात ते जागचे हलत नाहीत. ऑक्सिजनला जोडलेला चौथा मात्र सुटतो, कारण तो गेल्यावर मागे उरणारा ऋण भार एकाच अणूवर न राहता शेजारच्या दोन ऑक्सिजन अणूंमध्ये वाटला जातो आणि उरलेला आयन त्यामुळे स्थिर होतो. सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलातही ऑक्सिजनला जोडलेला हायड्रोजन आहे, पण तेथे भार वाटून घ्यायला दुसरा ऑक्सिजन नसल्यामुळे त्याची आम्लता ॲसेटिक आम्लाच्या तुलनेत अब्जावधी पटींनी कमी भरते. साखरेचेही असेच आहे. तिच्या रेणूत ऑक्सिजन-हायड्रोजनच्या आठ जोड्या असूनही ती ना आम्ल म्हणून जाणवते ना आम्लारी म्हणून. तेव्हा सूत्रातले हायड्रोजन मोजून काही हाती लागत नाही. प्रोटॉन गेल्यावर मागे काय उरते आणि ते कितपत स्थिर असते, यावर सारे ठरते.

याच स्थिरतेवर आम्लाचे तीव्र आणि सौम्य असे प्रकार पडतात. संडास-बाथरूमसाठी बाजारात ‘ॲसिड’ म्हणून मिळते ते हायड्रोक्लोरिक आम्ल असते आणि पाण्यात त्याचा जवळपास प्रत्येक रेणू आपला प्रोटॉन देऊन टाकतो. व्हिनेगरमध्ये मात्र कोणत्याही क्षणी हजारातले पाचेक रेणूच विचरित अवस्थेत असतात. सौम्य याचा अर्थ मात्र कमी काम करणारे असा घेऊ नये, कारण समोर प्रोटॉन घेणारा पदार्थ असला की सुटलेल्या प्रोटॉनांच्या जागी नवे सुटत जातात आणि आम्लाचा साठा संपेपर्यंत ते काम चालूच राहते. कमीत कमी इजा करून पूर्ण काम करणारे द्रावण बनवायचे असेल, तर आम्ही शक्यतो तीव्र आम्लाऐवजी पुरेशा प्रमाणात सौम्य आम्लच निवडतो.

आता घेणाऱ्यांकडे वळू. प्रोटॉन घेण्यासाठी कणाजवळ बंधात न गुंतलेली, म्हणजे एकाकी अशी इलेक्ट्रॉनांची जोडी असावी लागते. अमोनियातल्या नायट्रोजनजवळ ती असते. केसांच्या रंगाची पेटी उघडताच नाकाला झोंबणारा अमोनिया पाण्यात विरघळतो तेव्हा पाण्याच्या रेणूतला एक प्रोटॉन तो आपल्याकडे ओढून घेतो आणि प्रोटॉन गमावलेल्या पाण्याचा उरलेला भाग म्हणजेच हायड्रॉक्साइड आयन. अमोनियाने हायड्रॉक्साइड स्वतः आणलेले नसते, ते त्याने पाण्यातून निर्माण केलेले असते, आणि पालकांच्या दुसऱ्या शंकेचे उत्तर एवढेच आहे. कॉस्टिक सोड्यात, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडात, हायड्रॉक्साइड आधीच तयार असते, म्हणून त्याच्या बाबतीत जुनी व्याख्याही विनातक्रार लागू पडते. कळीच्या चुन्यात ऑक्साइड आयन असतो आणि तो पाण्याकडून इतक्या जोराने प्रोटॉन घेतो की चुना विरवताना पाणी अक्षरशः उकळते.

खाण्याचा सोडा या सर्वांत रंजक आहे, कारण त्यातला बायकार्बोनेट आयन दोन्ही भूमिका करू शकतो. तो प्रोटॉन देऊन कार्बोनेट बनू शकतो आणि प्रोटॉन घेऊन कार्बोनिक आम्लही बनू शकतो, जे लगेच पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांत मोडते. नुसत्या पाण्यात त्याची घेण्याची प्रवृत्ती देण्याच्या प्रवृत्तीपेक्षा किंचित अधिक असते, म्हणून त्याच्या द्रावणाचा सामू (pH; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी, वर आम्लारिधर्मी) ८.३ च्या आसपास, म्हणजे अगदी सौम्य आम्लारिधर्मी असतो. ढोकळ्याच्या पिठात तो ताकातल्या लॅक्टिक आम्लाकडून प्रोटॉन घेऊन वायू सोडतो, पण त्याच्यासमोर कॉस्टिक सोडा आला तर तोच बायकार्बोनेट निमूटपणे आम्लासारखा वागून प्रोटॉन देतो. म्हणून ‘खाण्याचा सोडा आम्ल आहे की आम्लारी’ या प्रश्नावर ‘कोणासमोर?’ असा उलट प्रश्न विचारणे रसायनशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे. परीक्षेत मात्र आम्लारिधर्मी असेच लिहावे.

मुलीला हे डोळ्यांनी दाखवायचे असेल तर थोडा खाण्याचा सोडा कोरड्या लोखंडी तव्यावर मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटे परतावा. दोन बायकार्बोनेट आयनांपैकी एक दुसऱ्याला प्रोटॉन देतो, पाण्याची वाफ व कार्बन डायऑक्साइड निघून जातात आणि पूर्ण बदल झाला तर वजनात सुमारे ३७ टक्के घट होऊन मागे धुण्याचा सोडा, म्हणजे सोडियम कार्बोनेट, उरतो. मग हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेल्या कागदाच्या दोन पट्ट्यांवर भाजलेल्या व न भाजलेल्या सोड्याच्या द्रावणाचे थेंब टाकावेत. हळदीतले कर्क्युमिन साधारण ७.४ ते ८.६ सामूदरम्यान पिवळ्याचे लाल-तपकिरी होते, त्यामुळे न भाजलेला सोडा रंग अर्धवटच बदलतो, तर ११ च्या वर सामू असलेला धुण्याचा सोडा पट्टी गडद लाल करतो. भाजलेला सोडा तोंडात घालू नये आणि स्वयंपाकातही वापरू नये. हळदीने फक्त आम्लारी कळतात. आम्ल आणि साधे पाणी यांत ती फरक करत नाही. त्यासाठी गोकर्णाची निळी फुले कोमट पाण्यात भिजवावीत. त्या पाण्यात लिंबाचा रस पडताच रंग जांभळा-गुलाबी होतो आणि सोड्याने हिरवट.

तुरटीचा प्रश्न थोडा खोल आहे. तुरटी पाण्यात विरघळली की ॲल्युमिनियमचा आयन मोकळा होतो आणि पाण्याचे सहा रेणू त्याला चिकटून बसतात. हा आयन लहान असून त्याच्यावर तिहेरी धन भार असल्याने चिकटलेल्या पाण्यातले इलेक्ट्रॉन तो स्वतःकडे खेचतो, पाण्यातला ऑक्सिजन-हायड्रोजन बंध त्यामुळे सैल होतो आणि प्रोटॉन सुटतो. प्रोटॉन पाण्याचा असतो, पण त्याला सोडायला भाग पाडणारा असतो ॲल्युमिनियम. गढूळ पाण्यात तुरटी फिरवल्यावर गाळ बसतो तोही याच क्रियेचा पुढचा टप्पा आहे, कारण प्रोटॉन सुटत जाऊन ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे बुळबुळीत कण तयार होतात आणि मातीचे बारीक कण त्यांना चिकटून खाली बसतात. सोड्याच्या द्रावणात तुरटीची पूड टाकली तर लिंबू पिळल्यासारखेच बुडबुडे येतात आणि सोबत पांढरे पुंजकेही दिसतात. कल्हईवाले वापरतात त्या नवसागरातला अमोनियम आयन मात्र सरळसोट प्रोटॉन देणारा आहे; तापलेल्या भांड्यावर त्यातून अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड वेगळे होतात आणि हायड्रोजन क्लोराइड धातूवरचा ऑक्साइडचा थर खाऊन टाकते, म्हणून कथील नीट बसते. मिठातल्या सोडियमला आणि क्लोराइडला या देवघेवीत रस नसतो, म्हणून मीठ उदासीन.

साबण हा मेदाम्लांचा सोडियम क्षार आहे. मेदाम्ले सौम्य असल्याने त्यांचा आयन पाण्याकडून थोडे प्रोटॉन परत घेतो आणि साबणाच्या पाण्याचा सामू ९ ते १० पर्यंत जातो. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो तो यामुळेच. कपड्यांच्या पावडरीची गोष्ट वेगळी आहे. आमच्या धंद्यात ‘ॲसिड स्लरी’ म्हणतात ते दाट, तपकिरी, तीव्र सल्फॉनिक आम्ल असते. कॉस्टिक किंवा सोडा ॲशने, म्हणजे धुण्याच्या सोड्याने, त्याचे उदासिनीकरण केल्यावर जो फेस देणारा पदार्थ तयार होतो तो स्वतः जवळपास उदासीनच असतो, आणि पावडर आम्लारिधर्मी होते ती तिच्यात मुद्दाम घातलेल्या धुण्याच्या सोड्यामुळे. भांडी घासण्याच्या बऱ्याच वड्यांवर लिंबाचे चित्र आणि आत सोडा ॲश असते. लिंबाचा तेथे वासच असतो, आम्लता नसते, आणि तेलकटपणा निघतो तो बऱ्याच अंशी सोड्याने. उलट रिठ्याचे पाणी भरपूर फेसाळते, पण ते किंचित आम्लधर्मी असते. फेसावरून काहीही ठरवू नये.

विदर्भात राहून चुन्याविषयी लिहायचे तर खर्ऱ्याचा, म्हणजे तंबाखू, सुपारी आणि चुना घोटून केलेल्या मिश्रणाचा, उल्लेख टाळता येत नाही. तंबाखूतले निकोटिन स्वतः सौम्य आम्लारी आहे आणि पानात ते बहुतांशी प्रोटॉन घेतलेल्या, म्हणजे भारित रूपात असते. भारित कण तोंडाच्या अस्तरातून सहज आत शिरत नाही. खर्रा घोटताना घातलेला चुना, ज्याच्या संपृक्त निवळीचा सामू १२.४ असतो, निकोटिनकडून तो प्रोटॉन काढून घेतो, निकोटिन भाररहित होते आणि झपाट्याने रक्तात उतरते. खर्ऱ्याची ‘किक’ आणि त्याचे घट्ट व्यसन यांमागे आम्ल-आम्लारीची हीच देवघेव आहे, शिवाय चुना अस्तर भाजतो ते वेगळेच.

ब्रॉन्स्टेड-लॉरी व्याख्येतही न बसणारा एक पदार्थ आपल्या घरात असतो, तो म्हणजे कॅरमच्या पटावर टाकायची बोरिक पावडर. बोरिक आम्ल स्वतःचा प्रोटॉन देत नाही. त्यातल्या बोरॉनजवळ इलेक्ट्रॉनांची कमतरता असते, म्हणून तो पाण्यातल्या ऑक्सिजनची इलेक्ट्रॉन जोडी स्वीकारतो आणि पाण्यातून प्रोटॉन मोकळा होतो. अशा जोडी स्वीकारणाऱ्यांनाही आम्ल म्हणावे हे लुईस यांनी १९२३ मध्येच सुचवले होते. दहावीला एवढे लागत नाही.

सामूविषयी दोनच गोष्टी सांगतो. सॉरेन्सन यांनी १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत तयार केलेली ही मोजपट्टी दसपटीची आहे, म्हणजे सामू एकाने उतरला की हायड्रोजन आयनांची संहती दहापट वाढते. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ आणि गोड नागपुरी संत्र्याच्या रसाचा साधारण ३.५ ते ४, म्हणजे संत्रेही स्पष्टपणे आम्लधर्मीच असते आणि साखर ते जिभेपासून लपवते. दुसरी गोष्ट, ७ हा उदासीन बिंदू २५ अंश सेल्सिअसचा आहे. नागपूरच्या मे महिन्यात टाकीतले पाणी ४५ अंशांवर गेले, तर शुद्ध पाण्याचा सामू ६.७ भरतो, परंतु हायड्रोजन व हायड्रॉक्साइड आयन समसमानच वाढलेले असल्यामुळे ते पाणी आम्लधर्मी झालेले नसते.

आता कूलर. बोअरच्या कठीण पाण्यात कॅल्शियमसोबत बायकार्बोनेट विरघळलेले असते, म्हणजे खाण्याच्या सोड्यातलाच आयन. पाणी पॅडवरून वाहताना बाष्पीभवनाने ते संहत होत जाते, कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो, तव्यावर घडले तसेच एक बायकार्बोनेट दुसऱ्याला प्रोटॉन देतो, आणि तयार झालेला कार्बोनेट कॅल्शियमला धरून पांढऱ्या थराच्या रूपात पंपावर, पॅडवर आणि टाकीच्या तळाशी बसतो. हा थर आम्लारिधर्मी असल्यामुळे त्यावर साबण, पावडर किंवा सोडा चोळून उपयोग होत नाही, आम्लच लागते. मी लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल सुचवेन. एक लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम टाकून ते थरावर अर्धा तास राहू द्यावे. बुडबुडे थांबूनही थर उरला असेल तर आम्ल संपले आहे असे समजून नवे द्रावण घ्यावे, आणि शेवटी भरपूर पाण्याने धुवावे, कारण कॅल्शियम सायट्रेट फारसे विरघळत नाही आणि तसेच राहिले तर त्याचाही पांढरा गाळ बसतो. बाथरूमचे ॲसिड हे काम मिनिटांत करते, पण वाफा नाकात जातात, आणि ओघळ शहाबादी फरशीवर गेला तर तीही चुनखडीचाच दगड असल्यामुळे कायमची खरवडली जाते. कडाप्प्यावर किंवा संगमरवरावर व्हिनेगरसुद्धा सांडू देऊ नये.

वास घालवण्यासाठी त्याच वेळी ब्लीच ओतण्याचा मोह अनेकांना होतो, तो टाळलाच पाहिजे. ब्लीचमधले हायपोक्लोराइट आम्लारिधर्मी द्रावणातच टिकते. आम्लाने त्याला प्रोटॉन दिला की हायपोक्लोरस आम्ल बनते आणि द्रावणातल्या क्लोराइडशी मिळून क्लोरीन वायू सुटतो, जो बंद बाथरूममध्ये जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच वापरायचेच असेल तर आम्ल पूर्ण धुऊन काढल्यावर, दुसऱ्या दिवशी वापरावे. डोळ्यात आम्ल किंवा आम्लारी गेल्यास ते ‘मारण्यासाठी’ विरुद्ध पदार्थ घालू नये, वाहत्या पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे डोळा धूत राहून डॉक्टरांकडे जावे; कॉस्टिक किंवा चुना असेल तर अधिकच तातडीने, कारण आम्लारी मेद व प्रथिने विरघळवत आत शिरत जातात.

आपला कूलर प्लास्टिकचा असेल तर वरील पद्धत निर्धास्तपणे वापरावी. जुन्या पत्र्याच्या कूलरमध्ये मात्र पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि जस्त आम्लातही विरघळते व कॉस्टिकमध्येही, म्हणून तेथे लिंबूसत्त्वाचे प्रमाण निम्मे करावे, दहा मिनिटांत धुऊन काढावे आणि उरलेला थर प्लास्टिकच्या खरवडणीने हळूहळू काढावा.